पैसे घेतले असतील तर तसे छापा

नवरात्र, दसरा आणि दिवाळीच्या पुरवण्यांची आखणी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सुरू झाली आहे. स्थानिक माध्यमांच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा याच दोन-अडीच महिन्यांत गोळा होतो. तालुक्याचे वार्ताहर बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरू लागले आहेत. पोर्टलवाले आणि यूट्यूब चॅनलवाले दुकानदारांना 'पॅकेज' समजावून सांगत आहेत: अर्धे पान जाहिरात, मालकाची एक मुलाखत, नव्या शाखेच्या उद्घाटनाची बातमी, आणि थोडे वाढवून दिले तर वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एक पुरस्कार. यातली जाहिरात कुठे संपते आणि बातमी कुठे सुरू होते, हे दुकानदाराला कुणी सांगत नाही आणि वाचकाला तर मुळीच नाही. पुरवण्या एकदा छापून घरोघरी पडल्या की बोलून उपयोग नाही. म्हणून हे आवाहन आजच करतो आहे.

मागणी एकच आहे. स्थानिक माध्यमाने गावातल्या व्यावसायिकाकडून पैसे जरूर घ्यावेत, उजळ माथ्याने घ्यावेत. पण ते घेऊन जे काही छापले, दाखवले, बोलले, त्याच्या डोक्यावर 'जाहिरात' हा शब्द मराठीत, सहज वाचता येईल अशा अक्षरांत असलाच पाहिजे.

दुकानदाराच्या जाहिरातीवर वृत्तपत्र चालते यात कमीपणा काहीच नाही. २९ जानेवारी १७८० रोजी कोलकात्यात भारतातले पहिले छापील वृत्तपत्र निघाले, तेव्हापासून जाहिरात सोबत आहे. छोट्या दैनिकाचा किंवा साप्ताहिकाचा हिशेब ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की अंकाची किंमत कागद आणि छपाईलाही पुरत नाही. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर नाव असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला सरकारी जाहिरात मिळते, पण तिचे बिल कधी निघेल याचा भरवसा नसतो. जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा, बँकांच्या ताबा नोटिसा, नगरपालिकेच्या निविदा यांवर काही भागते. उरलेले सगळे बाजारपेठेवर: सराफ, कापडवाले, कृषी सेवा केंद्र, क्लासेस, दवाखाने, मंगल कार्यालये, बांधकाम व्यावसायिक. हा पैसा बंद झाला तर अंक बंद होतो. अंक बंद झाला की नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या बिलावरून काय झाले, ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे औषध आहे की नाही, बाजार समितीत काटा का मारला गेला, हे लिहिणारे कुणी उरत नाही. मुंबई-पुण्याच्या पानांवर या गोष्टींना जागा नसते. मला हे वृत्तपत्र जगायला हवे आहे, आणि जाहिरात करणारे दुकानही चालायला हवे आहे. हे आवाहन त्या दोघांच्या बाजूने आहे.

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहू.

पैसे घेतलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा सरळ शब्द टाळण्याची पद्धत पडली आहे. त्याऐवजी 'मार्केटिंग फीचर', 'विशेष उपक्रम', 'मीडिया पार्टनर', 'वाणिज्य वार्ता' अशी नावे येतात. कोपऱ्यात बारीक टाइपात काहीतरी असते किंवा काहीच नसते. अक्षरवळण बातमीचे, शीर्षकाची ठेवण बातमीची, खाली 'प्रतिनिधी' असे लिहिलेले. पान वाचणाऱ्या निवृत्त शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने हा मजकूर वार्ताहराने चौकशी करून लिहिला असे समजले, तर चूक त्याची नाही. तसे त्याला वाटावे म्हणूनच तो तसा मांडलेला असतो. एरवी बहुतेक अंकांच्या तळाशी एक ओळ असते: जाहिरातीतील दाव्यांची वाचकांनी स्वतः खातरजमा करावी. ज्या मजकुराला जाहिरात म्हटलेलेच नाही त्याची खातरजमा वाचकाने कशाच्या आधारावर करायची?

त्यात आता व्हॉट्सॲपची भर पडली आहे. ई-पेपरवरून कात्रण काढले जाते, ते गावभर फिरते, आणि पानाच्या माथ्यावर लिहिलेले 'प्रायोजित पुरवणी' हे शब्द कात्रणात येतच नाहीत. दुकानदार तेच कात्रण फ्रेम करून गल्ल्यामागे लावतो: 'अमुक वृत्तपत्राने घेतलेली दखल'. म्हणून पानाच्या वर एकदा लिहून भागणार नाही. प्रत्येक चौकटीच्या आत, शीर्षकाला चिकटून, कापूनही जाणार नाही अशा जागी तो शब्द हवा.

पुरस्कारांबद्दल मला जास्त कळकळीने बोलायचे आहे, कारण इथे फसवणूक गोड असते आणि म्हणून कुणी तक्रार करत नाही. 'उद्योगरत्न', 'आयकॉन', 'भूषण' अशा नावांचे समारंभ तालुक्याच्या ठिकाणीही होऊ लागले आहेत. एखाद्या तारांकित हॉटेलात किंवा सभागृहात मंत्री किंवा मराठी नटाच्या हस्ते सन्मानचिन्ह दिले जाते, चकचकीत कागदावरच्या ग्रंथात दोन पाने मिळतात. निवड समिती कोण, निकष कोणते, किती जणांचा विचार झाला, हे कुठेच छापलेले नसते. पानांचे पैसे भरणाऱ्याला पुरस्कार मिळतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर समारंभाची बातमी येते आणि तीत पैशांचा उल्लेख नसतो. मसाले करणाऱ्या महिला बचत गटाने, सचोटीने चाळीस वर्षे खानावळ चालवणाऱ्या मालकाने हे पैसे कुठून आणायचे? ते गावात उत्तम असतील, पण 'सर्वोत्तम' ठरणार नाहीत. ज्याने पैसे भरले त्यालाही या सन्मानातून काही टिकाऊ मिळत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावरचा त्याचा स्पर्धक तेवढेच पैसे भरून तोच सन्मान घेऊन येतो. समारंभ करायचे तर करा. 'सहभाग शुल्क आकारून दिलेला सन्मान' असे निमंत्रणावर, सन्मानचिन्हावर आणि बातमीत लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर तो समारंभ करू नये.

या सगळ्यात सर्वांत जास्त चिरडला जातो तो तालुक्याचा वार्ताहर. त्याला मानधन नाममात्र, पुष्कळदा तेही नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, पण बातमीमागे किंवा जाहिरातीमागे पैसे मिळणाऱ्या या माणसापर्यंत त्यातले काही पोचले नाही. दिवाळीचे 'टार्गेट' त्याच्या गळ्यात असते आणि जाहिरातीच्या टक्केवारीवर त्याचे घर चालते. सकाळी ज्या हॉटेलमालकाकडून त्याने जाहिरात मागितली, त्याच हॉटेलच्या सांडपाण्याची तक्रार घेऊन संध्याकाळी गल्लीतले लोक त्याच्याकडे येतात. तो काय लिहील? माणूस वाईट असावा लागत नाही. व्यवस्थाच अशी आहे की लिहिणे त्याला परवडत नाही. भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, म्हणजे परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, २०१० च्या अहवालात हे स्वच्छ सांगितले होते: जाहिराती गोळा करणारे आणि कमिशनवर जगणारे वार्ताहर नेमण्याची पद्धत माध्यमसंस्थांनी बंद करावी. तो संपूर्ण अहवाल तेव्हा दडवून ठेवला गेला, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. पद्धत आजही चालू आहे.

पैसे घेऊन बातमी छापण्याचा हा आजार महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच लेख वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी शब्दशः छापून आला, हे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले आणि 'पेड न्यूज' हा शब्द घराघरांत पोचला. निवडणुकीच्या काळात उमेदवारांच्या जाहिराती आणि पेड न्यूज तपासणाऱ्या समित्या जिल्हापातळीवर आल्या. शेअर बाजारातल्या कंपन्यांचा हिस्सा घेऊन त्यांना जाहिरातीची जागा देणाऱ्या माध्यमसमूहांनी तो संबंध बातमीत उघड करावा, असे सेबीने ऑगस्ट २०१० मध्ये बजावले. म्हणजे मतदाराची काळजी काही प्रमाणात घेतली गेली, गुंतवणूकदाराचीही घेतली गेली. गावातल्या दुकानात जाणारे सामान्य गिऱ्हाईक तेवढे राहून गेले.

आणि या गिऱ्हाइकाचे नुकसान किरकोळ नसते. माझ्या मते हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. आपल्याकडे जाहिरातींवर कायदे आहेत, चांगले आहेत, आणि जाहिरातीला बातमीचा वेष चढवला की ते सगळे एका फटक्यात चुकवता येतात.

घराचे घ्या. रेरा कायद्याप्रमाणे बांधकाम व्यावसायिकाच्या प्रत्येक जाहिरातीत प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता ठळक असावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे, मोबाइल धरला की प्रकल्पावरचे कर्ज, खटले, मुदत सगळे दिसते. तोच प्रकल्प 'शहराच्या वैभवात भर' अशा शीर्षकाखाली बातमी म्हणून आला की त्यात ना क्रमांक असतो ना क्यूआर कोड. आयुष्यभराची पुंजी लावणारा माणूस ती बातमी कापून जपून ठेवतो.

डॉक्टरांचे घ्या. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरला किंवा रुग्णालयाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जाहिरात करून रुग्ण ओढता येत नाहीत. दवाखाना सुरू केला, जागा बदलली, एवढे साधे निवेदन तो देऊ शकतो. पण 'अत्याधुनिक शस्त्रक्रियेने रुग्णाला जीवदान' अशी पैसे भरलेली बातमी, खाली फोन नंबर आणि शेजारी डॉक्टरांचे छायाचित्र, ही आपल्या पुरवण्यांत नेहमीची झाली आहे. मधुमेह, कर्करोग बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. ते दावे आता 'आयुर्वेदतज्ज्ञांशी संवाद' या नावाखाली केबलवर अर्धा-अर्धा तास चालतात आणि ऐकणारा माणूस गोळ्या सोडून देतो. क्लासेसच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली: शंभर टक्के निवडीची हमी देता येणार नाही, यशस्वी विद्यार्थ्याचे नाव-छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येणार नाही, त्याने कोणता अभ्यासक्रम केला तेही सांगावे लागेल. निकालाच्या दिवशी 'अमुक क्लासची यशाची परंपरा कायम' अशी बातमी छापून आली की हे सगळे बाजूला राहते. आणि पतसंस्था! ठेवीवर जादा व्याजाची जाहिरात पाहून माणूस एकदा तरी विचार करतो. अध्यक्षांच्या मुलाखतीत 'संस्थेची घोडदौड' वाचून त्याला तेवढाही संशय येत नाही. पतसंस्था आणि मल्टिस्टेट बुडाल्यावर पोलीस ठाण्याबाहेर रांगा लावणारे ठेवीदार मराठवाड्याने आणि पश्चिम महाराष्ट्राने पुरेसे पाहिले आहेत. अशा मुलाखती छापणाऱ्यांनी त्या रांगांकडे पाहावे.

दुसरी बाजू छापून न येणाऱ्या बातमीची आहे. अन्न व औषध प्रशासनाचा छापा पडला, भेसळीचा खवा सापडला. हातगाडीवाला असेल तर नाव, गाव, वय, सगळे पहिल्याच वाक्यात. मोठे दुकान आणि जाहिरातदार असेल तर 'शहरातील एका नामांकित मिठाई दुकानावर'. वाचकहो, पुढच्या वेळी असे वाक्य दिसले की थांबा. ज्याला जाहिरात परवडत नाही त्याचे नाव, ज्याला परवडते त्याची झाकली मूठ, हा न्याय आपण वर्षानुवर्षे मुकाट्याने वाचत आलो आहोत. तो खवा खाणारी मुले मात्र सगळ्यांचीच असतात.

यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि पोर्टलवर चित्र वेगळे नाही, पण तिथे नियम अधिक स्पष्ट आहेत आणि ते आपल्या बाजूचे आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सर्व प्रकारच्या आणि सर्व माध्यमांतल्या जाहिरातींना लागू आहेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने शिफारस करणाऱ्यांसाठी आणखी सविस्तर सूचना दिल्या. पैसे घेतले असतील तरच सांगायचे असे त्यात नाही. फुकट वस्तू, हॉटेलातला मुक्काम, सवलत, वस्तूंच्या बदल्यात प्रसिद्धी, पुरस्कार, नातेसंबंध, यांपैकी काहीही असले तरी ते उघड करायचे आहे. व्हिडिओ असेल तर खालच्या वर्णनात लपवून चालत नाही, व्हिडिओतच लिहून आणि बोलून सांगायचे आहे, थेट प्रक्षेपण असेल तर पूर्णवेळ दिसत राहिले पाहिजे. शिफारस ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत. म्हणजे मिसळीचे गुणगान मराठीत आणि कोपऱ्यात इंग्रजी 'कोलॅब' हे नियमाला धरून नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चावडी चौकात माइक घेऊन 'एकदा अवश्य भेट द्या' म्हणणाऱ्या आपल्या गावच्या पत्रकाराला हे माहीत असायला हवे, आणि त्याला बोलावणाऱ्या हॉटेलमालकालाही.

तर संपादकहो आणि मालकहो, तुमच्याकडे मागणे असे. दिवाळीची पुरवणी छपाईला जाण्याआधी पैसे घेतलेल्या प्रत्येक मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द टाका, आणि त्याचे अक्षरवळण बातमीपेक्षा वेगळे ठेवा. दरपत्रक जाहीर करा, अंकात छापा, संकेतस्थळावर ठेवा, जेणेकरून एका दुकानाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा असे होणार नाही. दुकानदाराशी जो काही व्यवहार होईल तो कागदावर करा आणि त्या कागदात एक कलम घाला: या जाहिरातीमुळे आमच्या बातम्यांवर परिणाम होणार नाही, आपल्याविरुद्ध बातमी असेल तर ती छापली जाईल. हे वाचून एखादा जाहिरातदार निघून जाईल, मला मान्य आहे. जो राहील तो तुमच्या वाचकांसाठी राहील. आणि कृपा करून जाहिरात मागायला वार्ताहराला पाठवू नका. त्यासाठी वेगळा माणूस नेमा. तेवढा खर्च झेपत नसेल तर निदान एवढे करा, की ज्या गावात किंवा ज्या विषयावर तो बातमीदारी करतो तिथली जाहिरात त्याच्याकडून घेऊ नका.

मार्चच्या सुरुवातीच्या अंकात मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची माहिती छापण्याची चाल आपल्याकडे अनेक दशकांची आहे. त्याच धर्तीवर वर्षातून एकदा आपल्या व्यावसायिक भागीदाऱ्यांचीही यादी छापा: कोणत्या संस्थांबरोबर वर्षभराचा करार आहे, कोणत्या कार्यक्रमाचे प्रायोजक कोण, पुरस्कारांसाठी शुल्क घेतले का, मालकाच्या घरच्यांचे इतर धंदे कोणते. ६ जानेवारीला, 'दर्पण' १८३२ मध्ये ज्या दिवशी निघाला त्या दिवशी, आपण पत्रकार दिन साजरा करतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालण्याबरोबर ती यादीही त्याच दिवशी पहिल्या पानावर येऊ द्या. मराठी पत्रकार परिषद आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले पत्रकार संघ यांनी यासाठी एक साधा नमुना तयार करून दिला तर छोट्या साप्ताहिकालाही ते अवघड नाही.

व्यापारी बंधूंनो आणि भगिनींनो, जाहिरात जरूर द्या. स्थानिक अंकालाच आधी द्या. पण बिल मागा, संस्थेच्या नावाचे, जीएसटीसह. वार्ताहराच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नका. 'जाहिरातीबरोबर बातमी फुकट' असे कुणी म्हणाले तर ती बातमी नको म्हणा, आणि जाहिरातीचाच मजकूर चांगला लिहून घ्या. तुमच्या दुकानात खरे सांगण्यासारखे काही असेल, उत्पादन नवे असेल, गावातल्या दहा बायकांना काम मिळाले असेल, तर वार्ताहराला येऊन पाहायला सांगा, त्याने विचारलेल्या अडचणीच्या प्रश्नांनाही उत्तर द्या, आणि तो जे लिहील ते छापू द्या. त्या बातमीला जे वजन असेल ते विकत घेतलेल्या पानाला नसते. आणि जाहिरात दिली नाही तर तुमच्याविरुद्ध छापू, अशी धमकी कुणी दिली तर एकटे घाबरत बसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली ती खंडणी ठरू शकते. संदेश, फोनची नोंद जपून ठेवा, आणि व्यापारी संघटनेला बरोबर घेऊन पोलिसांत जा. एकटा दुकानदार दबतो, सगळी पेठ दबत नाही. संघटनांनीही दिवाळीपूर्वी एक ठराव करावा: 'जाहिरात' असे लिहिले जाणार असेल तरच आमचे सभासद पैसे देतील. महाराष्ट्र चेंबरसारख्या राज्यव्यापी संस्थेने असा ठराव केला तर त्याचे वजन फार मोठे असेल.

एका गोष्टीची मला भीती आहे ती बोलून दाखवतो. हे सगळे वाचून काही मंडळी म्हणतील की छोट्यांनाच का धारेवर धरता, मोठे तर सर्रास करतात. खरे आहे, मोठे करतात. पण गावातला वाचक संपादकाला ओळखतो, दुकानदाराला ओळखतो, त्यांच्या मुलांना ओळखतो. इथे विश्वास तुटला तर तो समोरासमोर तुटतो, आणि इथेच तो पुन्हा जोडताही येतो. दिल्लीहून कुणी नियम करून देईल याची वाट पाहण्याची गरज आपल्याला नाही. प्रेस कौन्सिलला १९७८ च्या कायद्याने ताकीद देता येते, निषेध करता येतो, दंड करता येत नाही. आपल्या वृत्तपत्राला मात्र आपण, त्याचे वाचक, रोज जाब विचारू शकतो.

म्हणून शेवटी वाचकहो, तुम्हाला. अंकाचे बिल वेळेवर द्या. वर्षाची वर्गणी भरता येत असेल तर भरा, कारण वाचकाचा पैसा जितका जास्त तितका संपादक जाहिरातदारापुढे ताठ राहू शकतो. पैसे घेऊन छापलेली वाटणारी बातमी दिसली तर कात्रण तारखेसह ठेवा आणि आधी संपादकाला लेखी विचारा. समाधान झाले नाही तर दैनिक आणि साप्ताहिकाविरुद्ध प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. फसव्या जाहिरातीची तक्रार, ती कोणत्याही माध्यमातली असो, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही नोंदवता येते. जवळच्या ग्राहक पंचायतीची मदत घ्या.

आणि हे सगळे नंतर. या आठवड्यात एवढेच करा: आपल्या गावात येणाऱ्या अंकाच्या संपादकांना एक पत्र लिहा. दिवाळीच्या पुरवणीत पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर 'जाहिरात' असे लिहिणार का, एवढाच प्रश्न विचारा. खाली नाव-गाव लिहून सही करा, शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर कचेरीत जाऊन ते मागा.